ट्यून इंजिनची, भुर्दंड गिअरबॉक्सला: वाचकांचे प्रश्न

या महिन्यात पिकअपवाल्यांचे प्रश्न इतके आलेत की बाकी मंडळींना जरा थांबायला लागेल. सगळ्यांचा विषय साधारण एकच आहे, टर्बो इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची का, म्हणून एकत्रच घेतोय. ह्यूस्टनचं उत्तर लांबलंय, पण ते आधी वाचा, कारण कोल्हापूर आणि नाशिकच्या प्रश्नांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: नमस्कार दादा, मी मूळचा सोलापूरचा, आता ह्यूस्टनला असतो. माझ्याकडे २०१९ ची फोर्ड एफ-१५० आहे, ३.५ लिटर इकोबूस्ट टर्बो पेट्रोल, १० स्पीड ऑटोमॅटिक. बोट ओढायला घेतलेली. ट्रेलर मागे असला की गाडी सारखी गिअर बदलत राहते, वर खाली वर खाली, वैताग येतो. मित्राने हातात मावणारा ट्यूनर घेऊन ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठीची ट्यून फाइल टाकली आणि म्हणतो गाडी उडतेय. मलाही घ्यायचाय. पण गिअरबॉक्सच्या ट्यूनचे वेगळे पैसे सांगतायत. फक्त इंजिनची घेतली तर चालेल का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर: नाही चालणार. दोन्ही घ्या नाहीतर काहीच घेऊ नका, आत्ता वाचवलेले पैसे पुढे गिअरबॉक्स उतरवताना कितीतरी पटीने जातील.

का ते नीट सांगतो. जुन्या गाडीत पेडल दाबलं की केबल ओढली जायची आणि थ्रॉटल उघडायचं, विषय संपला. तुमच्या गाडीत पेडल ही नुसती मागणी असते. पाय किती खाली गेला त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो की ड्रायव्हरला एवढा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हवाय, मग त्यासाठी हवा किती लागेल, टर्बोकडचा एक्झॉस्ट वळवणारा वेस्टगेट किती बंद ठेवायचा, थ्रॉटल किती उघडायचं, स्पार्क कधी द्यायचा, कॅमशाफ्ट किती पुढेमागे करायचे हा सगळा हिशोब सेकंदात कितीतरी वेळा चालू असतो. आणि त्या हिशोबातून टॉर्कचा जो आकडा निघतो तोच गिअरबॉक्सच्या प्रोग्रॅमलाही दिला जातो.

तुमचा गिअरबॉक्स म्हणजे १०आर८०, फोर्ड आणि जीएमने मिळून केलेल्या डिझाइनचा. त्यात सहा क्लच आहेत आणि कुठलाही गिअर असो, त्यातले चार धरलेले असतात. धरून ठेवतो तो तेलाचा दाब, म्हणजे लाइन प्रेशर. हा दाब किती द्यायचा ते इंजिनकडून आलेल्या त्या आकड्यावरूनच ठरतं. आकडा आला ६०० न्यूटन-मीटर, तर ६०० सांभाळेल एवढा दाब, वर थोडी सूट ठेवून. उगाच जास्त देत नाही, कारण जास्त दाब म्हणजे पंपावर लोड, मायलेज कमी आणि प्रत्येक शिफ्टला धक्का.

आता तुमच्या इंजिनला कंपनीने दिलेला टॉर्क आहे ४७० पाउंड-फूट, म्हणजे साधारण ६३७ न्यूटन-मीटर. ट्यूनरला, म्हणजे फाइल बनवणाऱ्या माणसाला, तो वाढवायचाय पण मध्ये टॉर्कच्या मर्यादा आडव्या येतात, एक नाही बऱ्याच, गिअरप्रमाणे वेगळ्या. चांगला ट्यूनर टॉर्कची सगळी टेबलं बसून नव्याने मांडतो, म्हणजे इंजिन जेवढं देतंय तेवढंच तो आकडाही सांगतो, आणि मग गिअरबॉक्सचा दाब, शिफ्टची वेळ, शिफ्ट होताना इंजिनने किती टॉर्क सोडायचा हे त्याला जुळवून घेतो. हे वेळखाऊ काम आहे. घाईतला ट्यूनर काय करतो, तर कॉम्प्युटरला टॉर्क कमी आहे असं भासवतो, की मर्यादा आडव्याच येणार नाहीत. गाडी खरोखर उडते, मित्र खोटं बोलत नाहीये. पण इंजिन ७५० देतंय आणि गिअरबॉक्सला आकडा जातोय ६०० चा, काटा मारलेल्या वजनावर भरवसा ठेवून ट्रक भरण्यासारखं आहे ते. क्लच प्रत्येक शिफ्टला क्षणभर घसरतो. पायाला जाणवत नाही, कानाला ऐकू येत नाही, पण घर्षणाची लाइनिंग जळत जाते, तेल काळं पडत जातं आणि एक दिवस शिफ्टमध्ये आरपीएम मोकळे सुटतात. तोपर्यंत ट्यून कुणाला आठवतही नसते, सगळे म्हणतात गिअरबॉक्सच कमकुवत होता.

म्हणून ट्यूनरला पहिला प्रश्न हा विचारा की टॉर्क मॉडेल, म्हणजे कॉम्प्युटरमधला टॉर्कचा हिशोब, खरं ठेवता का. किती हॉर्सपॉवर वाढेल हे नंतर. या प्रश्नावर जो बाबा विषय बदलतो त्याच्याकडे जाऊ नका.

आता तुमचा मूळ त्रास, सारखे गिअर बदलण्याचा. त्यासाठी आधी फुकटचा उपाय करून बघा. ट्रेलर ओढण्यासाठीचा टो-हॉल मोड लावता का? खूप जण लावतच नाहीत. तो लावला की गिअर खालचे धरून ठेवले जातात आणि उतारावर ब्रेक मारला की गाडी स्वतःच खाली शिफ्ट करते. तेवढ्याने भागलं नाही तर लीव्हरवरच्या वजा बटणाने वरचे गिअर बंद करा. या गिअरबॉक्समध्ये सातवा गिअर बरोबर १:१ आहे, आठवा नववा दहावा हे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे बाहेरचा शाफ्ट इंजिनपेक्षा जास्त फिरवणारे, दहावा ०.६४ च्या आसपास. मागे जड ट्रेलर असताना हायवेला समोरून वारा आला की दहाव्यात गाडी ओढू शकत नाही, खाली येते, जरा सपाटी मिळाली की पुन्हा वर जाते. आठव्यापर्यंतच मोकळं ठेवा, बराचसा त्रास तिथेच संपेल असं मला वाटतं, आणि संपला तर ट्यून कशासाठी हवीय याचा विचार पुन्हा एकदा करा.

तरीही घ्यायचीच असेल तर तयार फाइल घेऊ नका, तुमच्या गाडीचा लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद, बघून बनवलेली घ्या. आणि ओढण्यासाठी वेगळी, सौम्य फाइल मागा. रिकाम्या गाडीला दहा सेकंद फुल पॉवर देणं वेगळं आणि ऑगस्टच्या टेक्सासमध्ये बोट घेऊन चढावर दहा मिनिटं लोडमध्ये राहणं वेगळं. एक्झॉस्ट तापला की कंपनीचं सॉफ्टवेअर पेट्रोल वाढवून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि टर्बो थंड ठेवतं, काही ट्यूनमध्ये हे संरक्षण ढिलं केलेलं असतं. ते जसंच्या तसं ठेवा असं लिहून पाठवा, तोंडी नको.

लॉग स्वतः वाचायला शिका, अवघड नाहीये. डायनोवर, म्हणजे गाडी जागेवर पळवून ताकद मोजायच्या रोलरवर, किंवा बंद ट्रॅकवर, ट्रेलर न लावता, एकाच गिअरमध्ये २५०० पासून ५५०० आरपीएमपर्यंत पेडल पूर्ण खाली, एवढा लॉग घ्या आणि पाच-सहा कॉलम उघडा. पेडल १०० टक्के असताना थ्रॉटल मध्येच बंद होतंय का बघा, होत असेल तर कुठलीतरी टॉर्कची मर्यादा आडवी येतेय. बूस्ट म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब, तो मागितलेला आणि मिळालेला जवळजवळ चालतायत का. इंटरकूलरनंतरच्या हवेचं तापमान किती चढतंय. फ्युएल रेल प्रेशर शेवटी पडतंय का, पडत असेल तर तिथेच थांबा, पंप पुरा पडत नाहीये. आणि नॉक, म्हणजे आत इंधन नको तसं पेटून होणारी ठोकाठोक, सिलिंडरवार. कधीतरी एखादा अंश स्पार्कचं टायमिंग मागे गेलं तर हरकत नाही, सगळ्याच गाड्या करतात. पण एकच सिलिंडर दरवेळी चार-पाच अंश मागे जात असेल तर ती ट्यून चालवू नका, आधी स्पार्क प्लग काढून बघा, गॅप मोजा, बूस्ट वाढवल्यावर तो जास्त नको, ०.७ मिलिमीटरच्या आसपास लोक ठेवतात. गिअरबॉक्ससाठी दुसरा लॉग काढा, साधं रोजचं चालवताना आणि मग ट्रेलर लावून. शिफ्टच्या क्षणी आरपीएम सरळ खाली यायला हवेत. खाली यायच्या आधी शे-दोनशेने वर उसळत असतील तर क्लच वेळेवर धरत नाहीये.

ट्यूनरला अजून एक सांगा, की २००० आरपीएमच्या खाली पूर्ण टॉर्क देऊ नको. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल मारणाऱ्या टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि जास्त लोड अशा वेळी स्पार्कच्या आधीच मिश्रण पेट घेऊ शकतं. ते एकदा जोरात झालं तरी पिस्टन फुटू शकतो आणि नॉक सेन्सरला काही करायला वेळच मिळत नाही. ऑइल एपीआय एसपी ग्रेडचं घाला, २०२० साली आलेल्या या ग्रेडमध्ये याचाही विचार केलेला आहे.

पेट्रोलचं म्हणाल तर टेक्सासमध्ये ९३ मिळतं, पण सुट्टीत कोलोरॅडोला गेलात तर तिथे साध्या नोझलला ८५ असतं आणि प्रीमियम म्हणजे ९१. ९३ ची फाइल टाकून ९१ भरून चढावर बोट ओढायची नाही. ट्यूनरचं यंत्र गाडीतच ठेवा, प्रवासाआधी फाइल बदला. फाइल टाकताना बॅटरीला चार्जर लावा, एसी, रेडिओ, लाइट सगळं बंद, मध्येच व्होल्टेज पडलं तर कॉम्प्युटर अर्धवट लिहिला जातो आणि गाडी जागेवर. आणि फाइल टाकल्यावर गिअरबॉक्सचं जुनं शिकलेलं पुसून त्याला नव्याने शिकू द्या, सुरुवातीचे काही दिवस हलका पाय, सगळे गिअर वर-खाली होतील असं शहरातलं ड्रायव्हिंग. त्या दिवसांत शिफ्ट थोडे विचित्र वाटतील, लगेच ट्यूनरला शिव्या घालू नका.

हे सगळं करायच्या आधी सकाळी थंड इंजिन सुरू करताना कान द्या. पुढच्या बाजूने दोन-तीन सेकंद खडखड येते का? २०१७ ते २०२० च्या ३.५ इकोबूस्टमध्ये कॅम फेझरचा, म्हणजे कॅमशाफ्ट पुढेमागे करणाऱ्या भागाचा, हा आवाज प्रसिद्ध आहे. येत असेल तर आधी ते काम करा, आजारी इंजिनवर ट्यून नाही. आणि डीलरकडे गाडी दिली की ट्यून आहे हे सांगून द्या, कारण त्यांनी सॉफ्टवेअर अपडेट केलं तर तुमची फाइल पुसली जाते. ट्यूनने गाडीची ओढायची मर्यादा वाढत नाही हेही लक्षात असू द्या, ब्रेक, अॅक्सल आणि हिच तेच राहतात.

प्रश्न: काका, मी फ्रिमाँटला असते. आमच्या एफ-१५० वर आधीच्या मालकाने ट्यून टाकलीय असा नवऱ्याला संशय आहे. यंदा स्मॉग चेक, म्हणजे इथली धुराची तपासणी, आहे. काही अडचण येईल का?
— एक वाचक, फ्रिमाँट, कॅलिफोर्निया

उत्तर: ताई, येऊ शकते. १९ जुलै २०२१ पासून कॅलिफोर्नियात स्मॉग चेकच्या वेळी गाडीच्या सॉफ्टवेअरची ओळखसुद्धा वाचली जाते, आणि ते कंपनीचं किंवा कार्बने, म्हणजे कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाने, मंजूर केलेलं नसेल तर गाडी नापास, धूर कितीही स्वच्छ असला तरी. मंजूर ट्यूनला कार्बचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर असतो, आधीच्या मालकाकडे तसा कागद आहे का विचारा. नसेल तर डीलरकडे जाऊन मूळ सॉफ्टवेअर घालून घ्या. फक्त ते आदल्या दिवशी करू नका. सॉफ्टवेअर बदललं की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचं नेहमीसारखं चालवणं लागतं, तोवर गाडी पास होत नाही. निदान दोन आठवडे हातात ठेवा.

प्रश्न: दादा, माझी इसुझू व्ही-क्रॉस ऑटोमॅटिक आहे, बीएस६, १.९ लिटर. मागच्या वर्षी ट्यूनिंग बॉक्स लावला, गाडी जबरदस्त पळते. पण आता आंबा घाट चढताना मागे माल असला की गिअर बदलताना इंजिन एकदम ओरडतं आणि मग गिअर पडतो. बॉक्सवाला म्हणतो आमच्या बॉक्सचा गिअरबॉक्सशी संबंधच नाही, आम्ही त्याला हातच लावत नाही.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: हात लावत नाहीत हे खरं आहे आणि नेमका तोच प्रॉब्लेम आहे. वरचं ह्यूस्टनचं उत्तर वाचलंत तर लगेच कळेल. असे बॉक्स बहुतेक करून कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या, प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये बसतात. रेलमध्ये खरा दाब जेवढा आहे त्यापेक्षा कमी असल्याचं गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतात, ईसीयू म्हणतो दाब कमी पडतोय, वाढवा, आणि त्याच वेळेत जास्त डिझेल आत जातं. ताकद वाढली. पण ईसीयूच्या हिशोबात इंजिन अजून कंपनीचे ३६० न्यूटन-मीटरच देतंय, गिअरबॉक्सला तोच निरोप, आणि क्लच धरायला तेवढाच दाब. सपाट रस्त्यावर रिकामी गाडी हे खपवून घेते. घाटात माल भरून, उन्हाळ्यात, तेल तापलेलं असताना नाही खपत.

तुम्ही जे ओरडणं म्हणताय ते म्हणजे जुना क्लच सुटला आणि नवा अजून धरत नाहीये. बॉक्स आजच काढा. खूप साधा कनेक्टर असतो, काढून मूळ वायर जोडायची. मग गिअरबॉक्सचं तेल काढून बघायला लावा, तेही तुमच्यासमोर. लालसर, पारदर्शक असेल तर वेळेवर जागे झालात. गडद तपकिरी असेल आणि जळका वास येत असेल तर तेल बदला, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, आणि पॅनमधल्या मॅग्नेटवर काय चिकटलंय ते बघा. बारीक राखाडी लगदा थोडाफार असतोच. चमकणारे तुकडे किंवा काळी लाइनिंगची कपची दिसली तर घाटात जाऊ नका, गिअरबॉक्सवाल्याकडे जा. नुसतं तेल बदलून आणि बॉक्स काढून ओरडणं थांबलं तर चालवत रहा.

मॅन्युअल गाडीवर असा बॉक्स लावला तर निदान क्लच घसरताना आरपीएम आणि वास दोन्हीवरून माणसाला कळतं आणि प्लेट बदलून भागतं. ऑटोमॅटिकवर तो लावूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कुणाच्याही कंपनीचा असो.

प्रश्न: सर, टोयोटा हायलक्सचं इंजिन एकच, २.८ लिटर, २०४ पीएस. मग ऑटोमॅटिकला ५०० न्यूटन-मीटर आणि माझ्या मॅन्युअलला ४२० च का? इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणारा रीमॅपवाला म्हणतो लॉक काढला की तुमचीही ५०० होते. करू का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तो म्हणतो ते शक्य आहे, पण करू नका. मॅन्युअलमधला क्लच आणि गिअरबॉक्स जेवढं सोसतो त्या हिशोबाने सॉफ्टवेअरने वरचा टॉर्क कापलेला आहे. कंपनीने स्वतः घातलेली ही मर्यादा आहे, कुणाची लबाडी नाही.

आणि तुमचं नुकसान वाटतं तेवढं नाहीच. ऑटोमॅटिकला ५०० मिळतात ते १६०० ते २८०० आरपीएममध्ये. तुम्हाला ४२० मिळतात ते १४०० ते ३४०० पर्यंत, म्हणजे लवकर सुरू होतात आणि उशिरापर्यंत टिकतात. ३४०० ला ४२० न्यूटन-मीटर म्हणजे हिशोबाने पुन्हा तेच २०४ पीएसच्या आसपास. म्हणजे कसारा घाटात गिअर बरोबर धरून चालवलीत तर ऑटोमॅटिकच्या फार मागे राहणार नाही तुम्ही. ५०० केलेत तर सगळा ताण येणार १६०० आरपीएमला, पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये, जिथे मॅन्युअलवाले आळसाने गिअर न बदलता पेडल दाबतात, आणि तिथेच क्लच प्लेट आणि गिअरचे दात मार खातात. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या टायरवर करा.

प्रश्न: गॅरेजवाला म्हणतो डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, सारखा चोक होतोय तर काढून टाकू, थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारी ईजीआर बंद करू आणि वरून रीमॅप मारू, एका खर्चात सगळं, गाडी मोकळी होईल. करावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: करू नका. डीपीएफ चोक होतोय तो का होतोय हे त्याने शोधलेलं नाही, म्हणून तो काढायला निघालाय. रोज गावातल्या गावात दोन-चार किलोमीटर चालवत असाल तर फिल्टर तापतच नाही आणि आतली काजळी जळत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास हायवेला २००० आरपीएमच्या वर सलग चालवा. तरी भरत असेल तर इंजेक्टर गळतोय का, टर्बोच्या पाइपातून हवा सुटतेय का, ऑइल बीएस६ डीपीएफला चालणारं कमी राखेचं आहे का हे तपासायला लावा. चुकीच्या ऑइलची राख जळत नाही, ती साचतच जाते, हे कारण आपल्याकडे फार दिसतं.

कायद्याने म्हणाल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात परवानगीशिवाय गाडीत केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि ते मालकाला आहे, गॅरेजवाल्याला शोधत कुणी येणार नाही. अमेरिकेत तर तिथल्या पर्यावरण खात्याच्या २०२० च्या अंदाजाप्रमाणे दहा-एक वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपमधली धूर रोखणारी यंत्रणा काढली गेली होती, आणि त्यानंतर असली उपकरणं विकणाऱ्यांवर मोठे दंड बसले. डीपीएफ नसलेल्या गाडीची काजळी सगळ्यात आधी तुमच्याच गल्लीतली पोरं श्वासातून घेतात.

गाडीचं मॉडेल, किती किलोमीटर झालेत आणि शेवटचं ऑइल कुठल्या ग्रेडचं घातलंय हे कळवा, डब्याच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवलात तरी चालेल. त्यावरून नक्की काय तपासायचं ते पुढच्या अंकात सांगतो.